अल्सासच्या चर्चच्या वह्यांमध्ये सासऱ्यांचा विणकर शोधताना

सासऱ्यांना ऐंशीवं लागलं तेव्हा त्यांनी एकच गोष्ट मागितली, आपला मूळ पुरुष कुठून आला ते मला जिवंतपणी कळू दे. माहिती एवढीच होती की माणूस अल्सासचा (आज फ्रान्सच्या पूर्व टोकाला, जर्मनीच्या सीमेवर), लुथरन म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्या मार्टिन लुथरच्या पंथाचा, धंद्याने लिननचं कापड विणणारा, आणि 1700 च्या आधीचा. आम्ही जर्मनीत कार्ल्सरूहला राहतो, अल्सासचं मुख्य शहर स्ट्रासबर्ग तसं हाकेच्या अंतरावर, म्हणून ऑक्टोबरात चार दिवस सुट्टी काढून मी आणि नवरा जाऊन आलो. कुणाला असंच जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी सांगते, निघायच्या आधी निदान दोन महिने घरी बसून काम करा. अल्सासच्या सरकारी दप्तरखान्याने चर्चच्या जुन्या वह्यांची, म्हणजे बाप्तिस्मा, लग्न आणि मृत्यूच्या नोंदींची, पानं फुकट ऑनलाइन टाकली आहेत. गावाचं नाव टाकलं की कॅथलिक, लुथरन, रिफॉर्म्ड (प्रोटेस्टंटांचाच दुसरा पंथ) असे वेगवेगळे गठ्ठे दिसतात, कारण 1792 मध्ये नोंदी नगरपालिकेकडे गेल्या, त्याआधी जो तो आपल्या चर्चमध्ये नाव लावायचा. गाव छोटं असेल तर त्याला स्वतःचा पास्टर नसायचा, मग नोंदी शेजारच्या मोठ्या गावाच्या वहीत जायच्या, हे आम्हाला फार उशिरा कळलं आणि तीन आठवडे वाया गेले.

आमचं गाव बुक्सविलरच्या बाजूचं, म्हणजे पूर्वीच्या हानाउ-लिश्टेनबर्ग संस्थानातलं. तिथे 1545 मध्ये धर्मसुधारणा आली आणि सगळा मुलूख लुथरन झाला. मला एक कोडं पडलं होतं, की 1681 मध्ये चौदाव्या लुईने स्ट्रासबर्ग घेतलं, 1685 मध्ये त्याने फ्रान्सभर प्रोटेस्टंट धर्मावर बंदी घातली, मग या वह्या पुढे चालू कशा राहिल्या? तर 1648 च्या वेस्टफालियाच्या तहात अल्सासच्या प्रोटेस्टंट लोकांना आपला धर्म पाळायची हमी मिळाली होती, त्यामुळे ती बंदी इथे लागू झालीच नाही. त्या तहामुळे आज सासऱ्यांचं घराणं कागदावर सापडतंय, हे कळलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

आता वाचन. वह्या जर्मनमध्ये आणि अक्षर कुरेंट, म्हणजे जर्मनांची मोडीच समजा. माझ्या आजोबांना मोडी यायची, ते म्हणायचे की एकेक अक्षर लावत बसू नका, आधी नेहमीचे शब्द ओळखायला शिका, आणि इथेही तेच खरं निघालं. ई अक्षर एनसारखं दिसतं, यूवर छोटी वळणदार रेघ असते. बाईच्या आडनावाला शेवटी 'इन' लावतात, म्हणजे म्युलरची मुलगी म्युलरिन, ते वेगळं आडनाव समजू नका. नावाआधी 'वायलांड' असेल तर तो माणूस तोवर वारलेला. 'बुर्गर' म्हणजे गावचा पूर्ण हक्काचा रहिवासी आणि 'शिर्मर' म्हणजे नुसती राहायची परवानगी असलेला, बहुतेक बाहेरून आलेला, हा शब्द दिसला की थांबा, पुढे काहीतरी सापडतं. तारखांनी आम्हाला फार फसवलं. 7 आकड्याला 'ब्रिस' शेपूट लावलं तर तो सप्टेंबर, जुलै नाही, तसंच 8 म्हणजे ऑक्टोबर आणि 9 म्हणजे नोव्हेंबर. कधी नुसतं चर्चच्या रविवाराचं नाव लिहिलेलं असतं, मग त्या वर्षीचा ईस्टर काढून मोजत बसायचं. शिवाय स्ट्रासबर्गच्या प्रोटेस्टंट लोकांनी नवीन कॅलेंडर, म्हणजे आपण आज वापरतो ते, 1682 मध्ये घेतलं, कॅथलिकांनी त्याच्या शंभरेक वर्षं आधी, म्हणजे दोन वह्यांमध्ये दहा दिवसांचा फरक येतो.

आमच्या वहीत 1650 च्या आधीचं एकही पान नाही. तीस वर्षांच्या युद्धात (1618 ते 1648) हा भाग इतका उजाड झाला की गावंच्या गावं रिकामी पडली, आणि नंतर ती भरली ती बरीचशी स्वित्झर्लंडहून आलेल्या लोकांनी. हे मी वाचलं होतं पण आपल्या माणसाशी जोडलं नव्हतं. 1663 ची लग्नाची नोंद सापडली तर त्यात नवरदेव विणकर, 'बर्नच्या मुलखातला', बस, गावाचं नावच नाही! आडनाव चार ठिकाणी चार तऱ्हेने लिहिलेलं. मग मी आडनाव सोडून दिलं आणि पोरांच्या बाप्तिस्म्याला धर्ममाता-धर्मपिता कोण उभं राहिलं त्यांच्या मागे लागले. पहिल्या मुलाचा धर्मपिता दुसरा एक विणकर, त्याच्या मृत्यूच्या नोंदीत बर्नकडचं गाव स्पष्ट लिहिलेलं, आणि त्याच गावचे आणखी दोघं आमच्या माणसाच्या बाकीच्या मुलांचे धर्मपिते. माझ्या मते परमुलखात लोक पोराला उचलून घ्यायला आपल्या गावचाच माणूस बोलावतात. म्हणून हे रकाने कधीच सोडू नका, जन्मतारखेपेक्षा तिथे जास्त माल आहे.

मग तिथे प्रत्यक्ष जायचं कशाला, तर नोटरीच्या कागदांसाठी. लग्नाचे करार आणि माणूस गेल्यावर घरातल्या वस्तूंची केलेली यादी, हे गठ्ठे स्ट्रासबर्गच्या वाचनालयात 6 ई या क्रमांकाखाली मिळतात. ओळखपत्र न्या, लिहायला पेन्सिल, फोटो फ्लॅश न लावता. आमच्या विणकराची यादी दुसऱ्या दिवशी दुपारी हातात आली: एक माग, दोन गायी, बायबल, आणि दोन्ही लग्नांची सगळी मुलं, कोण कुठे राहतं त्यासकट. मागाच्या ओळीवर नवऱ्याने बोट ठेवलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

राहायला आम्ही राइन नदीच्या अलीकडे, जर्मनीतल्या केल या गावात होतो, तिथून डी ट्राम नदी ओलांडून थेट स्ट्रासबर्गात जाते, आम्हाला हॉटेलही स्वस्त पडलं. तारीख ठरवताना लक्षात ठेवा की अल्सासमध्ये गुड फ्रायडे आणि 26 डिसेंबरलाही सुट्टी असते, बाकी फ्रान्समध्ये नसते. गावाकडे जायला ओबरमोडर्नपर्यंत ट्रेन, तिथून बुक्सविलर पाचेक किलोमीटर, आम्ही चालत गेलो. जुनी थडगी मिळतील ही आशा ठेवू नका, आमच्या गावात सगळ्यात जुना दगड एकोणिसाव्या शतकातला. चर्च मात्र उघडं होतं.

एक दिवस जास्तीचा असेल तर दक्षिणेला ऊनाविरचं तटबंदीचं चर्च बघा, द्राक्षांच्या मळ्यात उभं आहे, आणि कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघंही एकाच इमारतीत प्रार्थना करतात. अशा गावात दोन्ही पंथांच्या वह्या तपासा, कॅथलिकांची लॅटिनमध्ये असते.

सासऱ्यांना संध्याकाळी फोन केला. म्हणाले, म्हणजे आपण अल्सासचे नाहीच का? मी म्हटलं, पापा, तिथे नातवंडं झाली, तिथेच गेले, तिथलेच ना. मग त्यांनी बर्नच्या त्या गावाचं नाव मला तीनदा स्पेलिंगसकट सांगायला लावलं आणि लिहून घेतलं. बर्नमध्ये धर्मसुधारणा 1528 ची, तिथल्याही चर्चच्या वह्या ऑनलाइन आहेत, कालच पहिली उघडली.