धार लावण्याच्या संचासोबत आधी काय घ्यावे

पाते पकडीत धरायचे, दगड एका सळईला जोडायचा आणि ती सळई ठरावीक उंचीवरच्या छिद्रातून मागेपुढे करायची, म्हणजे दगड प्रत्येक वेळी धारेला एकाच कोनात भेटतो. कोन धरून धार लावण्याच्या संचाची सारी युक्ती एवढीच आहे. हे संच ऑनलाइन सहज मिळू लागल्यापासून माझ्या ओळखीतल्या काहींनी ते मागवले आणि संच घरी येताच प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला, की आता आणखी कोणता दगड घेऊ? माझे उत्तर सर्वांना सारखेच असते: दगड इतक्यात घेऊ नका. सोबतच्या वस्तूंवर जो पहिला खर्च करायचा, तो कोन पक्का राहील अशा वस्तूंवर करावा, कारण कोन हलत असेल तर महागडा दगडही चुकीच्याच जागी घासतो.

कोन कुठे हलतो, हे थोड्या हिशेबाने समजते. सळईच्या आधारापासून, म्हणजे त्या छिद्रापासून, धारेपर्यंतचे अंतर सुमारे 200 मिलिमीटर धरले, तर दोन दगडांच्या जाडीत 2 मिलिमीटरचा फरक असल्यास कोन सुमारे अर्ध्या अंशाने सरकतो आणि 5 मिलिमीटरचा फरक असल्यास जवळजवळ दीड अंशाने. अर्धा अंश ऐकायला किरकोळ वाटतो, पण तेवढ्यानेही बारीक कणांचा दगड आधीच्या खरबरीत दगडाच्या रेघांवरून न जाता शेजारून जातो. घासणारा घासत राहतो आणि धारेच्या अगदी कडेला काहीच होत नाही. पात्याच्या रुंदीचेही तसेच आहे. छिद्रांवर अंश छापलेल्या साध्या संचात, पकडीतून थोडेच बाहेर आलेल्या पात्याची धार छिद्रापासून 100 मिलिमीटरवर असताना कोन 20 अंश असेल, तर रुंद पात्याची धार 120 मिलिमीटरवर गेल्यावर त्याच छिद्रातून तो 17 अंशांच्या आसपास येतो. लॅन्स्की या कंपनीच्या संचावर 17, 20, 25 आणि 30 असे अंश असतात. ते आकडे खोटे नव्हेत, पण सगळ्या सुऱ्यांना जसेच्या तसे लागू होणारेही नव्हेत.

म्हणून पहिली खरेदी डिजिटल कोनमापकाची करावी. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी असलेली ही डबी दशांशापर्यंत कोन दाखवते. ती आधी पकडीत धरलेल्या पात्याच्या सपाट बाजूवर ठेवून शून्य करावी, मग दगडावर ठेवून कोन वाचावा आणि दगड बदलला की पुन्हा वाचावा. तिच्या तळाचे चुंबक ॲल्युमिनियमच्या पट्टीला धरत नाही, त्यामुळे दगड लोखंडी पट्टीवर बसवलेला नसेल तर ती हाताने धरावी लागते. दुसरी वस्तू सळईवर बसणारी आणि स्क्रूने आवळायची छोटी कडी. दगडाच्या जाडीतला फरक भरून काढताना ही कडी खूण म्हणून उपयोगी पडते, त्यामुळे दर वेळी आधाराची उंची अंदाजाने हलवावी लागत नाही. ही कडी परदेशातून मागवण्याचे काहीच कारण नाही. सळईची जाडी व्हर्निअरने मोजून जळगावच्या एमआयडीसीतल्या कोणत्याही लेथवाल्याला सांगितली, तर तो हातासरशी करून देईल.

तिसरी गोष्ट बैठकीची. स्वस्त संचांच्या तळाला रबरी चोषक असतात. ते काच किंवा घोटलेला ग्रॅनाइट यांना घट्ट धरतात, पण आपल्याकडच्या जुन्या घरांतल्या खडबडीत शहाबादी फरशीला धरत नाहीत. संच सरकला की हातही सरकतो आणि समोर उघडी धार असते. त्यापेक्षा संच जाड फळीवर बसवून ती फळी सी-क्लॅम्पने टेबलाला आवळावी. पकडीचे जबडेही तपासून घ्यावेत, कारण पातळ, लवचीक पाते मधोमध एकाच जागी धरले तर टोकाकडे वाकते. लांब सुरीसाठी दोन पकडी असलेला संच बरा. आणखी एक इथल्याच उन्हाळ्याची बाब: बरेच दगड ॲल्युमिनियमच्या पट्टीवर दुहेरी चिकटपट्टीने चिकटवलेले असतात. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या दगडाची चिकटपट्टी सैल पडण्याची भीती असते. असा दगड काढून इपॉक्सीने पुन्हा बसवावा.

एवढे झाले की मग दगडांकडे वळावे. येथे सर्वांत मोठा घोळ ग्रिटच्या, म्हणजे दगडाच्या कणांची बारकाई सांगणाऱ्या आकड्यांचा आहे, कारण 1000 हा आकडा सगळीकडे एकाच बारकाईचा नसतो. युरोपीय मानकात पॉलिश कागदाच्या पी 1000 चे कण सुमारे 18 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर दगडांसाठीच्या एफ 1000 चे कण सुमारे साडेचार मायक्रॉनचे असतात. जपानी 1000 या दोहोंच्या मध्ये पडतो. वेगवेगळ्या कंपन्यांचे दगड एकत्र वापरायचे असतील तर आकड्याऐवजी मायक्रॉन विचारावेत आणि जो विक्रेता ते सांगू शकत नाही, त्याच्याकडून दगड घेऊ नये.

दगडाची जात पात्याच्या पोलादावरून ठरवावी. बाजारात मिळणाऱ्या साध्या स्टेनलेस सुऱ्यांचे पोलाद मऊ असते. त्यांना ॲल्युमिनियम ऑक्साइडचा किंवा सिलिकॉन कार्बाइडचा दगड पुरतो आणि मधल्या ग्रिटवर थांबले तरी चालते. भरितासाठी कांद्याची पात आणि हिरव्या मिरच्या चिरताना किंचित खरबरीत धारच चांगली पकड घेते, गुळगुळीत धार मिरचीच्या सालीवरून निसटते. हिऱ्याच्या दगडांची खरी गरज व्हॅनेडियम हा धातू जास्त मिसळलेल्या पोलादाला लागते, कारण त्यातले व्हॅनेडियम कार्बाइड हे ॲल्युमिनियम ऑक्साइडपेक्षा कठीण असते. ज्याच्याकडे असली सुरी नाही त्याने हिऱ्याच्या दगडांचा अख्खा संच घेणे मला उधळपट्टी वाटते. एखादा मध्यम दगड घ्यावा, कारण तो झिजून खोलगट होत नाही आणि कोनाच्या हिशेबात पुन्हा गोंधळ घालत नाही. साधे दगड मात्र मध्ये खोल जातात. ते काचेवर सिलिकॉन कार्बाइडची भुकटी आणि पाणी टाकून सपाट करून घ्यावेत. ही भुकटी स्वस्त असूनही खरेदीच्या यादीत ती सहसा नसते, याचे मला नवल वाटते.

तपासणीसाठी दहा पट मोठे दाखवणारे भिंग हवे. जळगावच्या सराफ बाजारात सोनाराच्या डोळ्याला लागलेले असते तेच हे भिंग, तेव्हा त्यासाठी दूर जायला नको. धारेला परमनंट मार्करने काळे करावे, दगड दोन-चार वेळा फिरवावा आणि भिंगातून पाहावे. शाई धारेच्या कडेपर्यंत पुसली गेली असेल तर कोन बरोबर आहे. वरच पुसली गेली आणि कडेला राहिली, तर कोन थोडा वाढवावा. शेवटी धार घोटायला चामड्याची पट्टी आणि तिच्यावर लावायला अर्ध्या मायक्रॉनचे हिरवे क्रोमियम ऑक्साइड. चामडे दबते, म्हणून त्यासाठी कोन एक-दोन अंशांनी कमी ठेवावा आणि पट्टी नेहमी धारेपासून दूर ओढावी; धारेच्या दिशेने ढकलली तर ती कापली जाते.

रावेर-यावलकडच्या केळीवाल्या नातेवाइकांना हा संच दाखवला की ते विळा आणि कोयता पुढे करतात, म्हणून त्याविषयीही लिहितो. आतून वळलेल्या धारेला सपाट दगड नीट भिडत नाही. त्यासाठी अर्धगोल तोंडाचा दगड वेगळा घ्यावा लागतो आणि एवढे करूनही जड कोयता पकडीत नीट बसत नाही. कोयत्याला 25 ते 30 अंशांची दणकट धार हाताने किंवा धारवाल्याकडूनच लावावी. घरातली विळी पाटाला जखडलेली असल्याने तिचाही या संचात प्रश्न येत नाही. केळीची सुरी मात्र संचात घ्यायला हरकत नाही. फक्त तिच्यावरचा वाळलेला चीक आधी तेलाच्या फडक्याने पुसून काढावा, नाहीतर तो दगडाच्या कणांत बसतो आणि मग दगड धार लावायचे सोडून नुसता घसरत राहतो.