तुम्ही विचारलंत म्हणून : सही नाही, मानधन नाही, मग सदस्य कशासाठी?

"सरपंचाचे एक वेळ समजू शकते, पण नुसते ग्रामपंचायत सदस्य होऊन तुम्हाला मिळते काय?" हा प्रश्न मला मुंबईला राहणारे नातेवाईक विचारतात, बचत गटातल्या मैत्रिणी विचारतात, आणि अलीकडे गावाकडे परत येऊन काही करावे असे मनात असलेली तरुण मुलेही विचारतात. विचारणाऱ्यांच्या मनात बहुतेक वेळा दोन गोष्टी असतात, पैसा आणि अधिकार, आणि या दोन्हींबाबत स्पष्ट सांगितल्याशिवाय पुढच्या बोलण्याला अर्थ नाही.

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावाची लोकसंख्या पंधराशेच्या आत आहे, त्यामुळे महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार आमच्या ग्रामपंचायतीत सात सदस्य आहेत, तीन प्रभागांतून निवडून आलेले. सरपंच 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर पुन्हा थेट गावाकडून निवडला जातो. 2024 मध्ये राज्य शासनाने सरपंच आणि उपसरपंचांचे मानधन दुप्पट केले, आणि दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात ते अनुक्रमे महिना 6,000 आणि 2,000 रुपये झाले. सदस्याला मानधन नाही. सभेला हजर राहिल्याचा जो भत्ता मिळतो, त्यावर कोणाचे घर चालत नाही आणि चालावे अशी अपेक्षाही नाही. आर्थिक व्यवहार सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे ज्यांना आपण कालपर्यंत ग्रामसेवक म्हणत होतो, यांच्या डिजिटल स्वाक्षरीने होतात. सदस्याच्या सहीने एक रुपयाही खर्च होत नाही.

तरीही सदस्याकडे एक गोष्ट असते, आणि माझ्या मते ती फार मोठी आहे. दर महिन्याच्या सभेत मागील महिन्याचा जमाखर्च मंजुरीसाठी त्याच्यासमोर येतो, प्रत्येक ठरावाला सूचक आणि अनुमोदक लागतात, आणि एखाद्या सदस्याने आपले म्हणणे इतिवृत्तात नोंदवा असे सांगितले तर ते म्हणणे गावाच्या दप्तरात कायमचे राहते. ज्या वाडीची अडचण दप्तरात नाही, त्या वाडीची अडचण तालुक्याला, जिल्ह्याला आणि मुंबईला माहीत नसते. सदस्याचे खरे काम ती अडचण दप्तरापर्यंत नेण्याचे आहे, आणि ते पुरेसे असते असे मी अनुभवाने म्हणते.

आमच्या प्रभागात सड्यावर एक धनगरवाडी आहे. कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचे जांभ्या दगडाचे उघडे पठार. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण जांभा पाणी धरून ठेवत नाही. पावसाळ्यात ज्या पऱ्यातून, म्हणजे ओढ्यातून, पलीकडे जाण्यासाठी साकव, म्हणजे छोटा पूल, लागतो, तोच पऱ्या मार्चअखेर कोरडा असतो आणि सड्यावरची विहीर त्याच्याही आधी आटते. जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे माणशी दररोज 55 लिटर पाणी नळाने घरी देण्याच्या 2019 साली सुरू झालेल्या योजनेत, आमच्या गावाचे काम झाले आणि धनगरवाडीतही प्रत्येक घरापुढे नळ उभा राहिला. खालच्या वाड्यांना पाणी आले. वर ते पावसाळ्यात आणि त्यानंतरचे काही महिने येत असे, पण उन्हाळा लागला की एकाच पंपाने तेवढ्या उंचीवर पाणी चढत नव्हते. यातून एक विचित्र अडचण उभी राहिली: वाडीला नळजोडणी असल्याची नोंद झाल्यामुळे टंचाई आराखड्यातून, म्हणजे उन्हाळ्यात पाणी पुरवायच्या गावा-वाड्यांच्या यादीतून, तिचे नाव निघाले, आणि आराखड्यात नाव नाही म्हणून टँकरचा प्रस्ताव पुढे सरकेना.

गाव 'हर घर जल', म्हणजे प्रत्येक घरी नळाचे पाणी पोहोचलेले, म्हणून जाहीर होण्यासाठी ग्रामसभेचा ठराव लागतो. तो ठराव विषयपत्रिकेवर आला तेव्हा मी उभी राहून सांगितले की धनगरवाडीचे नळ मार्चपासून कोरडे आहेत आणि तेथील बायका हंडे घेऊन खालच्या वाडीच्या विहिरीवर उतरतात, हे इतिवृत्तात लिहिल्याशिवाय मी या ठरावाला संमती देणार नाही. सभेत नाराजी होती, कारण काम पूर्ण झाल्याचा आनंद खरा होता आणि कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. मात्र वाडीतल्या दोन वयस्क स्त्रिया त्या दिवशी सभेला आल्या होत्या, आणि त्यांनी पाणी आणायला दिवसातला किती वेळ जातो ते आपल्या शब्दांत सांगितल्यावर ठराव पुढच्या सभेपर्यंत ठेवला गेला. त्या नोंदीच्या आधारे ग्रामपंचायतीने पत्रव्यवहार केला, पाहणी झाली, आणि सुधारित अंदाजपत्रकात वाडीच्या खाली एक साठवण टाकी आणि तिथून पाणी वर चढवणारा दुसरा पंप घेतला गेला. टंचाई आराखड्यातही वाडीचे नाव पुन्हा आले. मे महिन्यात आजही कधी टँकर लागतो, आणि दुसऱ्या पंपामुळे वीजबिल वाढले आहे. पण 'मिळते काय' याचे एक उत्तर मी देऊ शकते ते हेच, की आता वाडीतल्या मुलींना वार्षिक परीक्षेच्या दिवसांत पाण्यासाठी डोंगर उतरावा लागत नाही.

वीजबिलाचा उल्लेख केला, तर पैशांविषयीही सांगायला हवे, कारण ग्रामपंचायतीकडे भरपूर निधी येतो आणि तो कुठे जातो ते कळत नाही, असे मला वारंवार ऐकवले जाते. 2021-22 पासूनच्या पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतील 60 टक्के रक्कम बंधित होती, म्हणजे ती पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करता येत असे. उरलेल्या 40 टक्क्यांत रस्ता, पाखाडी (पायऱ्यांची पायवाट), शाळेची दुरुस्ती अशी स्थानिक गरजेची कामे बसवायची. घरपट्टी आणि पाणीपट्टी हे आमचे स्वतःचे उत्पन्न. त्यातील 15 टक्के मागासवर्गीयांच्या कल्याणासाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांग बांधवांसाठी खर्च करणे बंधनकारक आहे. राहिलेल्या रकमेतून कर्मचाऱ्याचा पगार, दिवाबत्ती, पंपाचे वीजबिल आणि पाणी शुद्ध करण्याची टीसीएल पावडर भागवायची. कोकणातल्या गावात निम्म्याहून अधिक घरे वर्षातले बहुतेक दिवस बंद असतात. घरमालक विरार, दिवा, नालासोपाऱ्याला असतात आणि घरपट्टी थकते. म्हणून कर्मचाऱ्याबरोबर शिमग्यात आणि गणपतीत घरोघर फिरून वसुली करणे मी माझे कर्तव्य समजते. काहींना ते सणाच्या दिवशी बरे वाटत नाही, हे मला माहीत आहे, परंतु त्याच दिवशी त्यांच्या नळाला जे पाणी येत असते, त्याचे बिल ग्रामपंचायत वर्षभर भरत असते.

वर सांगितलेल्या 10 टक्क्यांबद्दल मला विशेष आस्था आहे. रक्कम लहान असते, आणि वर्षअखेरीस घाईने काहीतरी वस्तू खरेदी करून ती संपवण्याकडे कल असतो. त्यावर उपाय कायद्यातच आहे: ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यायची असते आणि तिच्या शिफारशी ग्रामसभेपुढे ठेवायच्या असतात. अनेक गावांत ही महिला सभा सह्यांपुरती उरते. आमच्याकडे ती प्रत्यक्ष बसावी यासाठी मी आग्रह धरते आणि वेळ दुपारी चारची ठेवते, कारण सकाळी शेतावर आणि संध्याकाळी चुलीपुढे असलेल्या बाईला दुसरी वेळ सोयीची नसते. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते; गणपूर्ती न झाल्याने तहकूब झालेल्या सभेला मात्र ही अट नसते, आणि म्हणून महत्त्वाचे निर्णय कधी कधी अगदी थोड्या लोकांत होऊन जातात. गणपूर्ती पहिल्याच सभेत व्हावी यासाठी आदल्या दिवशी वाड्यांमधून फिरून सांगणे हे सदस्याचे बिनपैशाचे, पण फार मोलाचे काम आहे. ठरावाला नेहमी निधीच लागतो असेही नाही. कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे 2022 मध्ये पतीच्या निधनानंतर पत्नीचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र काढणे, बांगड्या फोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने तो इतर गावांसमोर आदर्श म्हणून ठेवला. त्या ठरावाची प्रत मी आमच्या महिला सभेत वाचून दाखवली, तेव्हा झालेली चर्चा पाण्याच्या चर्चेइतकीच लांबली.

आता सर्वांत कष्टाच्या भागाकडे येते, तो म्हणजे पाखाडी. वाडीतून वाडीत जाणारी पायवाट पायऱ्या घालून बांधायची म्हटली की ती कोणाच्या तरी खासगी जमिनीतून जाते, आणि काम मंजूर होण्यासाठी जमीनमालकाचे संमतीपत्र लागते. आमच्याकडे एकेका सातबाऱ्यावर वीस-पंचवीस नावे सामाईक असतात. त्यांतले काही जण हयात नाहीत, काहींच्या वारसांची नोंद झालेली नाही, आणि उरलेले मुंबई, ठाणे, सुरतेत विखुरलेले आहेत. त्या वाटेने चार पिढ्या चालत आलेल्या असल्या, तरी कागदावर सही करताना प्रत्येकाला जमीन हातची जाईल अशी भीती वाटते, आणि ती भीती मी निराधार मानत नाही, कारण बहुतेकांकडे गावात तेवढाच तुकडा उरलेला असतो. म्हणून मी त्यांना मोजमाप दाखवते, वाट किती फुटांची असेल ते लिहून देण्याचा ठराव सभेत घेते, आणि वाडीच्या मुंबई मंडळाच्या, म्हणजे मुंबईत राहणाऱ्या वाडीकरांच्या, बैठकीत कागद वाचून दाखवण्याची विनंती करते. असे एक संमतीपत्र पूर्ण व्हायला वर्ष जाऊ शकते. दरम्यान निधीची मुदत संपते आणि काम पुढच्या आराखड्यात पुन्हा घालावे लागते. आजारी माणसाला डोलीतून रस्त्यापर्यंत आणणाऱ्या लोकांना या विलंबाचे कारण समजावून सांगणे हे मला आजवर सर्वांत अवघड गेले आहे, आणि हे काम सदस्यानेच करायचे असते, कारण त्यांच्याच वाडीत तो राहतो आणि रोज त्यांच्यासमोरून जातो.

स्त्री सदस्य म्हणून आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि त्यामुळेच आमच्या वाडीच्या बैठकीत माझे नाव पुढे आले. नातेवाइकांनी महिला सदस्यांच्या कारभारात हस्तक्षेप करू नये असे शासनाचे आदेश आहेत, तरी सुरुवातीला सभेची नोटीस माझ्या यजमानांच्या हाती दिली जात असे. त्यांनी ती प्रत्येक वेळी न उघडता माझ्याकडे दिली आणि विचारणाऱ्यांना सांगितले, "सदस्य त्या आहेत, त्यांनाच विचारा." माझे काम त्यामुळे किती सोपे झाले, हे ज्या बाईला असा आधार मिळत नाही तिला बरोबर समजेल.

ज्यांना स्वतः उभे राहायचे आहे त्यांनी आधी घरपट्टी थकलेली नाही, शासकीय जागेवर अतिक्रमण नाही आणि घरी वापरात असलेले शौचालय आहे याची खात्री करावी, कारण या कारणांवरून सदस्यत्व जाते; परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिल्यासही जाते. निवडणुकीच्या एक वर्ष आधीपासून ग्रामसभांना बसावे, गावाचा विकास आराखडा मागून घ्यावा आणि त्यात आपल्या वाडीचे नाव कोणत्या पानावर आहे ते पाहावे.

पुढच्या निवडणुकीत आमच्या प्रभागाचे आरक्षण सोडतीने बदलेल, आणि माझ्या जागेवर मला उभे राहता येईलच असे नाही. म्हणून या वर्षी धनगरवाडीतल्या तीन जणींना मी आराखडा आणि जमाखर्च वाचायला बरोबर घेऊन बसते. त्यांतली एक बारावीपर्यंत शिकलेली आहे, आणि गेल्या सभेत दुसऱ्या पंपाच्या वीजबिलाचा प्रश्न माझ्याआधी तिनेच विचारला.