सायलेंटवर आहे की!

रविवार, रात्री उशिरा

झोप येत नाहीये, डोकं भणभणतंय, म्हणून लिहून टाकते.

आज ताई वाशीहून आली होती, दोघी मिळून दुपारच्या प्रयोगाला गेलो. कुठल्या नाट्यगृहात ते सांगत नाही, ठाण्यात मोठी दोनच आहेत, ओळखा हवं तर, पण यात नाट्यगृहाचा काडीचाही दोष नाहीये. नाटकाचंही नाव नको. नाटक चांगलं होतं. निदान अर्धं तरी नक्कीच चांगलं होतं, उरलेला अर्धा वेळ मी पुढच्या रांगेतल्या काकांच्या सोसायटीत होते.

तिसरी घंटा झाली, अनाउन्समेंट झाली, मोबाईल बंद करा किंवा सायलेंटवर ठेवा वगैरे, काकांनी अगदी आज्ञाधारकपणे फोन काढला, सायलेंट केला आणि मग हातातच ठेवला. पडदा वर जाऊन जेमतेम दहा मिनिटं झाली असतील, स्क्रीन पेटली. ब्राइटनेस फुल्ल. अक्षरं एवढी मोठी की मला मागून चष्म्याशिवाय वाचता येत होती. 'बी विंगला पाणी नाही.' 'टँकर मागवला का?' 'कालपण हेच.' खाली कोणाचा तरी अंगठा, मग हात जोडलेले. तिकडे स्टेजवर बाप आणि मुलगी कित्येक वर्षांनी समोरासमोर आलेत, दोघंही गप्प, तो प्रसंगच मुळात गप्प राहण्यावर उभा, आणि इकडे काका एका बोटाने टाईप करतायत, 'सेक्रेटरीला फोन लावा'. ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्याला पाण्याचं टेन्शन असतं हे मला कोणी सांगायला नको, मी पण तिथलीच, पण टँकर काय काकांनी अंधारात डोळे फोडून लवकर येणार होता का!

मध्यंतरात मी हळूच म्हटलं, 'काका, मोबाईल जरा आत ठेवाल का, मागे उजेड येतो.' काका खरंच चकित झाले, अजिबात उद्धटपणा नाही. 'अहो, सायलेंटवर आहे की!'

आता यावर काय बोलणार. त्यांना मनापासून वाटत होतं की आपण नियम पाळलाय, आणि तसा पाळलाच होता. आपल्याकडे त्रास म्हणजे आवाज हे समीकरण इतकं पक्कं बसलंय की फोन वाजला नाही म्हणजे आपण गुणी प्रेक्षक. आठवत असेल, २०१९ ला हा विषय किती तापला होता, सुमीत राघवनने नाशिकला मोबाईलपायी प्रयोग थांबवला, सुबोध भावेने वैतागून लिहिलं की असंच चालणार असेल तर नाटकात काम करणंच बंद करतो, मग नाट्यगृहात मोबाईलची रेंज घालवणारे जॅमर बसवा म्हणून मागणी सुरू झाली. जॅमर असा बाजारातून आणून लावता येत नाही, त्याला केंद्र सरकारची परवानगी लागते, ते एक असो. पण समजा लावला, तरी स्क्रीनचा उजेड थोडीच जॅम होणार? रेंज गेली की काका जुने फोटो बघत बसले असते. नटांना स्टेजवरून सगळं दिसतं हेही लोकांच्या गावी नसतं, पुढच्या रांगांमधला तो खालून निळा झालेला चेहरा दिसतोच दिसतो.

माझं तर मत झालंय की आवाजाला आपण उगाच बदनाम करून ठेवलंय.

आजच बघा ना. आमच्या डावीकडे एक आजी-आजोबा होते. आजोबांना ऐकू कमी येत असावं, कानात मशीनही होतं, पण संवाद पटपट सुरू झाले की त्यांना काही लागेना, मग आजी त्यांच्या कानाला तोंड लावून मुख्य वाक्य तेवढं सांगायच्या. सुरुवातीला मला राग आला, अगदी वळून बघायच्या बेतात होते. मग लक्षात आलं की बाई किती हुशारीने काम करतायत. सगळं नाही सांगत, नेमकं जेवढं सुटलं तेवढंच, आणि स्टेजवर शांतता असली की त्याही शांत. आजोबा प्रत्येक विनोदाला हॉलच्या दोन सेकंद मागून हसायचे, एकटेच, खो खो करून, आणि त्यांच्या हसण्यावर पुन्हा आमची रांग हसायची. एका नटाने तर ती जागा बरोबर ओळखली, पुढच्या वेळी तो आजोबांचं हसू संपेपर्यंत थांबला आणि मगच पुढचं वाक्य टाकलं. अशी माणसं आवाज करू देत बाई, कितीही.

आणि आपला मराठी प्रेक्षक गप्प बसणारा कधी होता? बालगंधर्वांच्या काळात पद आवडलं की वन्स मोअर, पुन्हा वन्स मोअर, तेच पद परत नव्या ताना घेऊन, नाटक रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचं. कथा बिचारी तिथेच ताटकळत उभी. आज कोणी असं केलं तर आपणच त्याला बाहेर काढू, पण तो सगळा गोंगाट स्टेजच्या दिशेने जायचा, गाणाऱ्याला कळायचं की आपलं गाणं पोचलंय. काकांचं टायपिंग कोणाला पोचत होतं? बी विंगला.

ताईचं म्हणणं, तू उगाच जुन्याचं कौतुक करतेस, 'तिकडे' परदेशात बघ लोक कसे शिस्तीत बसतात. मला या 'तिकडे'ची गंमत वाटते. १८६१ ला पॅरिसच्या ऑपेरात वॅगनर या जर्मन संगीतकाराच्या 'टानहॉयजर' या संगीतनाटकाचे प्रयोग लागले होते. तिथे जॉकी क्लब म्हणून बड्या घरच्या पुरुषांचा एक कंपू होता, हे लोक निवांत जेवून दुसऱ्या अंकाला उगवायचे, कारण बॅलेचा तुकडा दुसऱ्या अंकात असायची पद्धत, आणि त्यात नाचणाऱ्या पोरींमध्ये यांच्या मैत्रिणी. वॅगनरने बॅले टाकला पहिल्या अंकात! झालं, यांचं जेवण होईतो बॅले संपलेला. मग शिट्ट्या वाजवून, आरडाओरडा करून प्रयोगांचा असा विचका केला की तीन प्रयोगांत त्याने ऑपेरा काढून घेतला. उशिरा येणारे दोष पण नाटकालाच देतात, यात पॅरिस काय आणि ठाणे काय, फक्त आपले लोक शिट्ट्यांऐवजी मोबाईलचा टॉर्च आपल्या डोळ्यांवर मारत सीट नंबर शोधतात आणि अख्ख्या रांगेला उभं करतात. याच वॅगनरने पुढे १८७६ ला जर्मनीत बायरॉइटला स्वतःचं थिएटर उघडलं तेव्हा प्रेक्षागृह अंधारं केलं, त्या काळी ते भलतंच नवलाचं होतं, तोवर लोक झगझगीत दिव्यांत एकमेकांचे दागिने बघत बसायचे. म्हणजे ज्या अंधाराची काकांनी आज वाट लावली त्याला पण फार तर दीडशे वर्षं झालीत.

बॅलेचं म्हणाल तर मागे मुंबईत 'स्वान लेक' बघायला गेलो होतो, तिकिटाचा आकडा लिहीत नाही, हे रोजनिशी वाचतात. तिसऱ्या अंकात काळ्या हंसिणीच्या त्या बत्तीस गिरक्या येतात, एका पायावर, दुसरा पाय चाबकासारखा बाहेर फेकत. १८९५ ला पिएरिना लेन्यानी या इटालियन नर्तकीने सेंट पीटर्सबर्गला त्या केल्या आणि तेव्हापासून लोक त्या मोजतातच. साधारण अर्ध्या झाल्या आणि लोकांनी टाळ्या सुरू केल्या, मीही केल्या, तर मागून एक जण 'शूऽऽ, शूऽऽ'! त्याने बहुतेक कुठेतरी वाचलं असणार की पाश्चात्त्य संगीतात मध्येच टाळ्या वाजवायच्या नसतात. ते सिम्फनीचं, म्हणजे वाद्यवृंदाच्या मोठ्या रचनेचं, तिच्या दोन भागांच्या मध्ये नाही वाजवत. बॅलेत एकट्याचा नाच संपला की नर्तक पुढे येऊन वाकून नमस्कार करतात, टाळ्या घेतात आणि मगच पुढचं सुरू होतं, आणि त्या गिरक्यांना तर चालू असतानाच वाजतात. हे शूऽऽवाले मला फोनवाल्यांइतकेच डोक्यात जातात. ह्यांचं पण लक्ष स्टेजवर नसतं, शेजाऱ्याचं काय चुकतंय त्यावर असतं.

त्याच वेळी दोन रांगा पुढे एकीने फ्लॅश टाकून फोटो काढला, तिला मात्र हा शूऽऽवाला एक शब्द बोलला नाही. ताईची मुलगी कथक शिकते, तिने नंतर सांगितलं, चक्कर घेताना नजर समोरच्या एका ठरलेल्या जागेवर ठेवायची, अंग फिरत राहतं, मान शेवटपर्यंत मागे धरायची आणि झटक्यात वळवून पुन्हा तिथेच आणायची, नाहीतर तोल जातो. बॅलेतही हेच. आता नजर आणायच्या त्याच जागेवर फ्लॅश उडाला तर? इथे बसून आपण ओटीटी बघत नाही आहोत हो, समोर जिवंत मुलगी आहे, तिचा घोटा मुरगळू शकतो.

बरं, आजचं राहिलंच. मध्यंतरानंतर काकांनी मोबाईल खिशात ठेवला, खरंच ठेवला, मला जरा वाईट पण वाटलं. मग शेजारच्या काकूंनी वड्याचा कागद उलगडायला घेतला. वडा बाहेर खावा, नाटकाच्या मध्यंतरातल्या वड्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, पण आत आणलात तर निदान एका झटक्यात उघडा, लोकांना त्रास नको म्हणून हळूहळू हळूहळू तो कागद उलगडणं म्हणजे पाच सेकंदांचा आवाज पाच मिनिटं पुरवून वाजवणं आहे.

आणि शेवट. शेवटचं वाक्य झालं, पडदा पडायच्या आत पाठी दिसायला लागल्या, खुर्च्यांची धडाधड, पार्किंगमधून गाडी आधी निघावी म्हणून. पडदा परत वर गेला, नट हात जोडून उभे, बॅकस्टेजवाल्यांची नावं घेतली जातायत, लाईट कोणाची, नेपथ्य कोणी लावलं, आणि अर्धा हॉल दाराशी रेटारेटी करतोय. अडीच तास घाम गाळला त्यांनी, तुम्हाला दोन मिनिटं टाळ्या वाजवायला जड होतं? काका मात्र थांबले होते, उभे राहून टाळ्या वाजवत होते, अगदी जोरात. नाटक आवडलं म्हणाले. जेवढं बघितलं तेवढं आवडलं असेल.

बाकी ज्यांना रिक्षा मिळणार नाही अशी भीती असते त्यांनी काळजी करू नये. गडकरी रंगायतनच्या बाहेर तर रात्री उशिरापर्यंत रिक्षा असतात. घोडबंदरला यायला तयार होत नाहीत, ती गोष्ट वेगळी.