म्हशीचं दावं

फ्लॅश छताकडं वळवायचा, म्हणजे उजेड वरून मऊ होऊन खाली येतो, असं ज्यानं कुणी पहिल्यांदा शिकवलं त्यानं बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातलं घर बघितलेलं नसणार. गेल्या मे महिन्यात जांबोटीच्या अलीकडं एका गावात हळदीच्या फोटोंची ऑर्डर होती. घर कौलारू. माजघरावर लाकडी तुळया आणि तुळयांवर तीन पिढ्यांच्या चुलीची काजळी. फ्लॅशची मान वर केली, बटण दाबलं. स्क्रीनवर काळोख आणि त्यात करवल्यांचे दात. वर गेलेला उजेड वरच राहिला.

मग मान सरळ समोर केली. हळदीला हे आणखी वाईट. तेलात कालवलेली हळद अंगावर चकाकते, त्यामुळं नवरीच्या कपाळावर पांढरा धब्बा, नाक सपाट, मागं भिंतीवर काळी सावली. रेशन कार्डाचा फोटो परवडला. आता भिंत तेवढी राहिली होती. म्हटलं तिच्यावरून उजेड परतवू. तर लग्न म्हणून घरच्यांनी आठच दिवसांमागं ऑइल पेंट मारून घेतलेला, पोपटी. भिंतीचा रंग घेऊनच उजेड माघारी आला आणि नवरीला कावीळ झाली. फोटो बघून तिच्या मामीनं माझ्याकडं असं बघितलं, की मी स्क्रीनच बंद केली.

शहरातल्या कार्यालयात मी रेडिओ ट्रिगर वापरतो. स्टँडवर फ्लॅश, कॅमेऱ्यावर ट्रिगर, मधे वायर नाही. छान चालतं. त्या दिवशी ट्रिगरचे सेल बेळगावातच टेबलावर राहिले होते. असते तरी त्या माजघरात स्टँड कुठं लावणार? पाटाभोवती वीस बायका, त्यांच्या मांडीवर पोरं, कोपऱ्यात हळदीचं जातं.

बॅगेच्या तळाशी वायर होती. निकॉनची एससी-२८. गुंडाळी सोडून ताणली की साधारण दीड मीटर भरते. एक टोक कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतं, दुसऱ्या टोकाला फ्लॅश. शहापुरात मामांचा स्टुडिओ होता तेव्हा तिथं अशा वायरीला 'शेपूट' म्हणत. खरं मामांचं शेपूट वेगळं होतं, साधं. ते फ्लॅशला फक्त 'आता पेट' एवढंच सांगायचं. किती पेटायचं, भिंग किती उघडायचं हा हिशेब मामांच्या डोक्यात. फ्लॅशचा गाइड नंबर, म्हणजे त्याच्या ताकदीचा आकडा, २८ असला आणि रोल १०० आयएसओचा (उजेड टिपायची त्याची क्षमता) असला तर साडेतीन मीटरवर ॲपर्चर, म्हणजे भिंगाच्या उघडण्याचा आकडा, ८, कारण अठ्ठावीस भागिले साडेतीन. मामा नवरानवरीपर्यंतचं अंतर पावलांनी मोजून यायचे. लोकांना वाटायचं काहीतरी विधी चाललाय.

आताच्या वायरीत, कॅमेऱ्यावर फ्लॅश बसतो त्या खाचेतले सगळे काँटॅक्ट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातात. बटण दाबलं की फ्लॅश आधी बारीकसा चमकतो, परत आलेला उजेड कॅमेरा भिंगातूनच मोजतो आणि खरा फ्लॅश किती टाकायचा ते वायरीतून कळवतो. हात पुढं गेला, मागं आला, तरी हिशेब तो सांभाळतो. हे सांभाळणं लहान नाही. फ्लॅश एका मीटरवरून दोन मीटरवर नेला तर उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. आणि गर्दीत कोपराला धक्का लागला की हात वीतभर सहज हलतो.

तर उजव्या हातात कॅमेरा, डावा हात लांब करून वर, त्यात फ्लॅश. यजमानांच्या खुंटीवरचा धुतलेला पांढरा पंचा मागून घेतला आणि एकपदरी करून फ्लॅशच्या तोंडावर रबर बँडनं बसवला. पहिल्याच फोटोत नवरीला नाक परत मिळालं. गालावरच्या हळदीत बोटांचे माग दिसायला लागले. उजेड आता डावीकडून वरनं येत होता, खिडकीतून यावा तसा. त्या खोलीला खिडकीच नव्हती, ही गोष्ट वेगळी.

नवऱ्याकडची माणसं बैलहोंगलाकडची, कानडी बोलणारी. त्यामुळं मी एका दमात "इकडं बघा, इल्ली नोड्री" असं ओरडत होतो आणि निम्मे लोक कॅमेऱ्याकडं बघायचे, निम्मे माझ्या डाव्या हाताकडं.

या वायरीचं कौतुक करतोय खरं, ती छळतेही. डावा हात गुंतला की झूम फिरवायला हात नाही, म्हणून मी ३५ मिलीमीटरचं, झूम नसलेलं साधं भिंग लावतो आणि मागंपुढं स्वतः होतो. फोकसला मदत करणारा लाल दिवा फ्लॅशवर असतो. फ्लॅश बाजूला गेला की तो दिवाही भलतीकडं बघतो. (एससी-२९ मध्ये तो दिवा कॅमेऱ्यावरच्या टोकाला दिलाय, पण माझ्याकडं २८ आहे.) गुंडाळी सारखी मागं ओढते, तासाभरानं खांदा बोलायला लागतो. आणि काँटॅक्ट. एकदा भर पावसाळ्यात, कणकुंबीकडच्या एका बारशाला, फ्लॅश प्रत्येक वेळी पूर्ण ताकदीनं फुटायला लागला. बाळ, पाळणा, आत्या, सगळं पांढरंफेक. दमट हवेनं काँटॅक्टवर मळ धरला होता. यजमानांच्या शाळकरी पोराचं खोडरबर घेऊन पितळी ठिपके घासले, रुमालानं पुसले, झालं. तेव्हापासून बॅगेत खोडरबर असतं.

हळद उरकत आली आणि वळीव आला. करंट गेला. मी पाणी प्यायला सैपाकघरात गेलो तर चुलीपुढं नवरीची आजी बसलेली. नऊवारी, नाकात नथ, हातात फुंकणी. चुलीचा लाल उजेड हनुवटीपर्यंत येत होता, त्याच्या वर काही नाही. म्हटलं, आजी, एक फोटो. ती माझ्या हाताकडं बघून म्हणाली,

"काय रे, म्हशीचं दावं काय बांधून घेतलाईस हाताला?"

पाच फोटो काढले, पाचही फोटोंत डोळे मिटलेले. मी आजीलाच दोष देणार होतो, मग लक्षात आलं. मोजणीसाठी आधी चमकतो ना, त्या चमकीलाच आजीची पापणी पडत होती आणि खरा फ्लॅश मिटल्या डोळ्यांवर जात होता. काही माणसांची पापणी तेवढी जलद असते. उपाय एकच, मोजणी बंद करायची. फ्लॅश मॅन्युअलवर, १/१६ ताकद, पंचा तसाच. आयएसओ ४००, ॲपर्चर ५.६. चूल विझल्यासारखी दिसू नये म्हणून शटर १/१५ पर्यंत उतरवलं आणि पाठ दाराच्या चौकटीला टेकवली. नवरीच्या भावाला मोबाइलची बॅटरी आजीच्या खांद्यावर मारायला लावली, फोकस धरला, बॅटरी बंद करायला सांगितली. हात लांब केला, फ्लॅश आजीच्या चेहऱ्यापासून दीडेक मीटरवर. मामांसारखाच हिशेब, फक्त पावलांऐवजी हातानं.

डोळे उघडे. फुंकणी ओठांपासून जरा खाली, खालून चुलीचा तांबूस, बाजूनं फ्लॅशचा पांढरा, नथीच्या प्रत्येक मोत्यावर एकेक ठिपका. गालावरच्या सुरकुत्या नांगरलेल्या वावरासारख्या. मी खूश होऊन स्क्रीन आजीपुढं धरली.

"एवढ्या सुरकुत्या कशाला काढलास?" म्हणाली. "नथ तेवढी बरी आलीय."

तिचं काही चुकलं नाही. बाजूचा उजेड काही झाकत नाही. तरुण नवरीच्या गालावर मुरूम असतील तर मी फ्लॅशचा हात माझ्याच कपाळासमोर आणतो आणि वायर असून नसल्यासारखी करतो. लोकांना दिसायचं असतं ते वेगळं आणि मला दाखवायचं असतं ते वेगळं. पैसे ते देतात.

जूनमध्ये अल्बमसाठी फोटो निवडायला घरचे स्टुडिओत आले. येताना कुंदा घेऊन आले. पहिल्या जोडपानावर त्यांनी निवडला तो अंगणातला सगळ्या खानदानाचा फोटो, भर दुपारचा, फ्लॅशशिवाय, सत्तावीस माणसं डोळे किलकिले करून उभी. आजीचा चुलीपुढचा फोटो मी तीनदा पुढं सरकवला. तिसऱ्या वेळी नवरीचा भाऊ म्हणाला, "बरं, घाला की कुठंतरी." घातला. शेवटून दुसऱ्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पासपोर्टपेक्षा जरा मोठा.