स्पिती, फेब्रुवारी: पक्षी बघायचे असतील तर पहाटे उठू नका

काझ्यात, म्हणजे स्पितीच्या मुख्य गावात, फेब्रुवारीत पहाटे साडेपाचला ‘बर्डिंग’ला नेणारा माणूस तुमच्याकडून जादा गाडीभाडं काढतोय, एवढं समजा. आम्हाला नेलं. बाहेर उणे २२, कॅमेऱ्याची बॅटरी मान टाकून मोकळी, आणि ऊन खोऱ्यात उतरेपर्यंत एक पीस हललं नाही. भिगवणला पहाट ठीक आहे. ३८०० मीटरवर नाही.

चिमणीएवढ्या पक्ष्याच्या अंगात चाळीसच्या वर तापमान, बाहेर उणे वीस. साठ अंशांचा फरक, आणि मधे फक्त फुलवलेली पिसं व त्यांत अडकलेली हवा. जीव जितका लहान तितकी ऊब लवकर जाते. ती भरून काढायला रात्रभर उडण्याचे स्नायू थरथरवत बसायचं आणि दिवसा साठवलेली चरबी जाळायची. सकाळी टाकी रिकामी. मग ऊन पडलं की दिवसभर खाणं, दुसरं काही नाही. आम्हाला जे दिसलं ते सगळं साडेनऊ ते तीनमध्ये.

दुसरी थाप म्हणजे ‘वर जाऊ, वर जास्त पक्षी’. किब्बर गावाच्या वरच्या धारेवर फुफ्फुसं फाटेस्तोवर चढलो. हिमबिबट्यासाठी जात असाल तर जरूर जा. लहान पक्षी मात्र गोठ्यामागच्या शेणाच्या ढिगावर होते. रॉबिन ॲक्सेंटर तर होमस्टेच्या दारात, पायाजवळ, फुगून चेंडू झालेला, एक पाय पिसांत ओढलेला. पायात जाणारं गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला खेटून जातं, म्हणून पाय गोठत नाहीत आणि ऊबही वाया जात नाही. आमच्या दुहेरी मोज्यांना हे जमलं नाही.

खरी जागा नदीकाठची छरम्याची (सी-बकथॉर्नची) काटेरी झुडपं. नारिंगी फळं थंडीतही फांदीवर टिकून राहतात आणि व्हाइट-विंग्ड रेडस्टार्ट त्यांवरच दिवस काढतो. पांढरी टोपी, विटकरी पोट, आणि दुसरा नर जवळ आला की हाकलाहाकली. नदीच्या न गोठलेल्या पट्ट्यात डिपर नावाचा छोटा पक्षी बुड्या मारत होता. हवेपेक्षा पाणी गरम, त्यामुळे तसा तो शहाणाच.

पण रस्त्यावरून त्या झुडपांपर्यंतची उतरण भयंकर. शंभरेक पावलं असतील. फुटलेल्या कुलीचं, म्हणजे शेताच्या पाटाचं, पाणी वाटेवर गोठलंय, वर भुसभुशीत बर्फ, आणि तिथे दिवसभर सावली. लिंगाण्यावर हात धरायला कातळ तरी असतो, इथे काहीच नाही. मायक्रोस्पाइक (बुटांवर चढवायचे काटे) नसतील तर उतरू नका. आमच्यातला एकजण बसून घसरत गेला, ट्रायपॉड त्याच्याही आधी पोहोचला. चढताना आणखी वाईट. ‘सोपा वॉक आहे’ असं सांगणाऱ्याला आधी पुढे चालायला लावा. थर्मल, डाऊन वगैरे सांगत बसत नाही, ते तुमच्याकडे असणारच.

वाटेतलं शिमला, कल्पा, ताबो: छान. पुढे.

बुखारीच्या (ऊब देणाऱ्या शेगडीच्या) लाकडाचे पैसे वेगळे, रोज खोलीमागे ५०० रुपये. लाकूड खालून येतं, महाग असणार, मान्य. पण बुखारी एकच, तीही जेवणघरात, आणि पैसे तिन्ही खोल्यांचे! घरच्या बाईंना विचारलं तर त्यांना यातलं काही माहीतच नव्हतं, एजंटनं परस्पर लावलेले. लाकूड, गरम पाणी, स्थानिक गाडी हे आगाऊ भरण्याआधी लिहून घ्या. स्थानिक गाडी काझ्यातच ठरवा, स्वस्त पडते.

साडेतीननंतर झुडपांपाशी जाऊच नका. तेव्हा पक्षी रात्रीचं शेवटचं खाणं उरकत असतात, आणि दर वेळी उडवलं की तेवढी चरबी खर्च. आमच्या शेजारचा ग्रुप मोबाइलवर पक्ष्यांचा आवाज वाजवून त्यांना फांदीवर आणत होता. असला गाइड असेल तर टिप देऊ नका.