पाळी जाताना: डॉक्टरांना काय सांगायचं

'जाताना अशीच जाते गं.' भिशीत विषय काढला की हेच उत्तर मिळतं. पाळी मागेपुढे होते हे खरंच. पण तासाभरात पॅड भिजणं, मोठ्या गाठी पडणं यात बसत नाही. 12 महिने बंद राहून नुसता डाग दिसला, तरी ती पाळी समजू नये. अशा वेळी सोनोग्राफीत गर्भाशयाच्या अस्तराची जाडी बघतात. 4 मिमीच्या वर असली तर बहुधा तुकडा तपासायला पाठवतात.

मला अंगातून गरम वाफा, घाम आणि पहाटेची जाग होती. घरात याला दुखणं म्हणत नाहीत. ताप नाही, स्वयंपाक तर होतोय! दिसते ती चिडचिड, आणि ती स्वभावाच्या खात्यावर जाते. म्हणून वहीत लिहायला लागले: तारीख, वाफ कधी आली, रात्री किती वेळा उठले, पॅड किती. नुसतं 'हल्ली बरं वाटत नाही' म्हटलं की टॉनिक हातात पडतं.

आधी तपासलं हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), साखर, रक्तदाब. थायरॉइड वाढलं तरी असाच घाम आणि धडधड असते. एफएसएच ही हार्मोनची रक्ततपासणी लागली नाही. 45 नंतर लक्षणं ठळक असली की ती नको, तो आकडा या काळात सतत हलतो. चाळिशीच्या आत पाळी थांबली तर मात्र करावीच.

तपासायच्या खोलीत नवऱ्याला नेऊ नका. कितीही समजूतदार असला तरी तो शेजारच्या खुर्चीत असताना कोरडेपणा, संबंधाच्या वेळची आग तोंडातून निघत नाही. आणि इलाज सोपा असतो: योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन क्रीम.

हार्मोनच्या गोळ्यांची धास्ती 2002 च्या अमेरिकी अभ्यासानंतर पसरली. त्यातल्या बायकांचं सरासरी वय 63 होतं. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आधी सुरू केल्या तर फायद्या-धोक्याचा हिशेब वेगळा. गर्भपिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच. स्तनाचा कॅन्सर किंवा रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर ते आधी सांगा. हार्मोनशिवायची औषधंही आहेत.

'पिशवीच काढून टाका' म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या 2019 मध्ये आपण वाचल्याच आहेत. अंडाशयंही काढली तर हा सगळा त्रास एकदम अंगावर येतो, हाडंही लवकर ठिसूळ होतात. तेव्हा सही करण्याआधी विचारा: अंडाशयं ठेवणार की काढणार, आणि का?