आडनावातला ळ आणि माझी पहिली नोकरी

माझी निवड जूनच्या दुसऱ्या आठवड्यात झाली आणि प्रत्यक्ष वर्गात पाऊल ठेवायला ऑगस्ट उजाडला. मधले सात आठवडे माझी फाइल शाळेच्या कार्यालयात अडकून पडली होती, आणि ज्या सहावीला मला गणित शिकवायचे होते तिच्या तासाला रोज जे कोणी शिक्षक मोकळे असतील त्यांना बसवले जात होते. त्या दिवसांची आठवण झाली की आजही मनस्ताप होतो, म्हणून बी.एड. करून नोकरीच्या शोधात असलेल्या इंदूरच्या मराठी मुलामुलींसाठी हे लिहीत आहे.

परीक्षा आणि मुलाखत सरळ पार पडली. सहावी ते आठवीसाठी सीटेटचा, म्हणजे केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर लागतो. १५० मिनिटांत १५० प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, आणि उत्तीर्ण होण्यासाठी ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. नमुना पाठासाठी मी अपूर्णांक घेतले आणि मुलांना कागदाच्या घड्या घालायला लावल्या. मुख्याध्यापिकांनी त्याच संध्याकाळी दूरध्वनी करून निवड कळवली.

दुसऱ्या दिवशी मूळ कागदपत्रे घेऊन कार्यालयात गेले. तिथल्या बाबूजींनी, म्हणजे लिपिकांनी, दहावीची गुणपत्रिका, पदवी आणि आधार ओळीने टेबलावर मांडले, तांबडी पेन्सिल घेतली आणि झेरॉक्सवर तीन ठिकाणी गोल केले. दहावीच्या गुणपत्रिकेवर आपल्या घरच्या रीतीप्रमाणे माझे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही होते. पदवीचा अर्ज भरताना मी इथल्या पद्धतीने फक्त नाव आणि आडनाव लिहिले होते. आधारावरच्या हिंदी ओळीत तर आडनावातल्या ळ चा ल झाला होता. हिंदीत ळ वापरात नसल्यामुळे आपल्याकडच्या कित्येक घरांत असे झालेले आहे आणि त्याचे आजवर कोणाला काही वाटले नव्हते. ‘नाम एक होना चाहिए,’ एवढेच बोलून त्यांनी फाइल बाजूला ठेवली.

नाव एकसारखे असावे ही अपेक्षा चुकीची नाही, कारण भविष्य निर्वाह निधीचे खाते आधारशी जोडावे लागते आणि तिथे नाव जुळले नाही तर पुढे पैसे अडकतात. माझी तक्रार वेगळी आहे. नेमके काय आणायचे ते मला एकदाही पूर्ण सांगितले गेले नाही. पहिल्या खेपेस शपथपत्र आणा असे सांगितले. ते नोटरीकडून करून आणले, तर त्यात वडिलांच्या नावाचा फरक नोंदवलेला नाही म्हणून ते परत मिळाले. दुसरे शपथपत्र नेले तेव्हा आधार दुरुस्त करून आणण्याची सूचना झाली. दुरुस्तीची पावती दाखवली तेव्हा उत्तर मिळाले की आता दहावीची गुणपत्रिकाच बदलावी लागेल, त्यासाठी मंडळाकडे जा. त्या दिवशी रामबागेतल्या घरी परत येताना मला रडू आवरेना. पाठाची तयारी करून ठेवलेली वही पिशवीत तशीच होती आणि शाळेच्या व्हरांड्यातून मी सहावीचा वर्ग शिक्षकाविना बसलेला डोळ्यांनी पाहिला होता.

मार्ग दाखवला तो त्याच शाळेत वीस वर्षे शिकवणाऱ्या एका ताईंनी. ‘तोंडी ऐकून पळत राहू नकोस, आक्षेप लेखी माग,’ असे त्या म्हणाल्या. मी मुख्याध्यापिकांच्या नावे चार ओळींचा अर्ज केला, की माझ्या कागदपत्रांत कोणत्या त्रुटी आहेत आणि त्या कशाने दूर होतील हे कृपया लेखी कळवावे. तीन दिवसांनी उत्तर आले, आणि त्यात फक्त दोन गोष्टी होत्या: सर्व नावांचा उल्लेख असलेले एकच शपथपत्र, आणि दुरुस्त झालेले आधार. गुणपत्रिकेचे नावही नव्हते. पहिल्याच दिवशी हे लिहून मिळाले असते तर सात आठवड्यांचे काम दोन आठवड्यांत संपले असते.

शपथपत्रात आपले नाव जितक्या प्रकारे लिहिले गेले आहे ते सर्व प्रकार, प्रत्येकापुढे कागदपत्राचे नाव व अनुक्रमांक, जन्मतारीख आणि या सर्व नावांची व्यक्ती एकच असल्याचे विधान असावे. मूळ प्रती दोन-तीन करून ठेवाव्यात. आधारावरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, म्हणून कोणते नाव कायम ठेवायचे हे आधी घरात बसून ठरवा आणि शक्यतो दहावीच्या गुणपत्रिकेवरचेच धरा. सीटेटचा अर्जही त्याच नावाने भरा, कारण २०२१ पासून ते प्रमाणपत्र आजन्म ग्राह्य आहे आणि त्यावरची चूकही तितकीच टिकेल. आणखी एक गोष्ट, जी खरे तर आधी सांगायला हवी होती: सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२३ च्या निकालानंतर बी.एड.च्या आधारे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी पात्रता मिळत नाही, तिथे डी.एल.एड. ही प्राथमिक शिक्षणाची पदविका लागते. माझ्या एका मैत्रिणीने तिथेच अर्ज करण्यात वर्ष घालवले.

रुजू झाल्यावर पहिला महिना मी अभ्यासक्रमामागे धावले नाही. मागे पडलेले सात आठवडे घाईने भरून काढण्यापेक्षा अपूर्णांक पुन्हा पहिल्यापासून घेतले, कारण छेद वेगळे असले की अर्धा वर्ग अडत होता. वह्या रोज तपासायच्या तर दहाच तपासायच्या, पण चूक कुठल्या पायरीला झाली ते लिहायचे, हा नियम ताईंनीच घालून दिला. सहामाहीपर्यंत तो वर्ग माझ्याशी मोकळेपणाने प्रश्न विचारू लागला होता, आणि त्याचा मला मनापासून अभिमान आहे.

आता माझ्याकडे नववीचे वर्गशिक्षकपद आहे. केंद्रीय मंडळाची (सीबीएसई) नोंदणी नववीतच होते आणि तिथे लागलेले नाव पुढे दहावीच्या गुणपत्रिकेवर उतरते. यंदा यादी पाठवण्याआधी मी प्रत्येक मुलाकडून जन्मदाखला मागवला, तो नोंदीशी अक्षरागणिक ताडून पाहिला आणि पालकांची सही घेतली. ४१ नावांपैकी ६ नावांत फरक निघाला, आणि ती सहाही मुदतीच्या आत दुरुस्त झाली.